पालकातलं कॅडमियम : काळी माती, तांबडी माती

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली आणि प्रकल्पाचा विषय एकदाचा ठरला. मॅडमना मोहरी हवी होती. ती पोषक द्रावणात झटपट वाढते, शिवाय आधीच्या बॅचचे आकडे तुलनेला आहेत. आम्ही दोघी पालकावर अडून बसलो. पालकाचं पानच खातात, आणि पुण्यात अशी एक मंडई नसेल जिथे पालकाच्या जुड्या नाहीत. शेवटी मॅडम म्हणाल्या, "घ्या पालक. पण मग मातीतच करा. शेतकरी काही हॉगलंडच्या द्रावणात पालक लावत नाही."

कॅडमियमच का, हे प्रस्तावात चार ओळींत मांडायचं होतं. जस्त, तांबं, मँगनीज, निकेल झाडाला कणभर लागतात आणि जास्त झाले की बाधतात. कॅडमियम पालकाला लागतच नाही, त्यामुळे ते आत घ्यायला मुळावर वेगळं दार नाही. लोह, जस्त, मँगनीज आणि कॅल्शियमसाठी जी दारं आहेत, त्यांतूनच ते घुसतं. भार तोच, दोन धन. आकारमान कॅल्शियमच्या आयनाच्या अगदी जवळचं. दारावरच्या वाहक प्रथिनाला फरक कळत नाही.

मांडणी अशी: दोन माती, किलोमागे ०, ५, १० आणि २५ मिलिग्रॅम कॅडमियम, प्रत्येकी तीन कुंड्या. तांबड्या मातीत १० च्या मात्रेसोबत झिंक सल्फेट घातलेल्या कुंड्या वेगळ्या. आणि मॅडमच्या आग्रहाखातर एका कोपऱ्यात मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, कुंड्या. "तांबं कसं वागतं ते बघितल्याशिवाय कॅडमियम कळणार नाही," हे त्यांचं वाक्य तेव्हा माझ्या डोक्यावरून गेलं.

१३ नोव्हेंबर

माती आली. काळी सासवड रस्त्याकडच्या एका मळ्यातली. तांबडी पार्टनरच्या गावची, लांज्याजवळच्या सड्यालगतची. तिच्या बाबांनी गोण्या एसटीच्या पार्सलने पाठवल्या. दोन्ही सावलीत वाळवून २ मिलिमीटरच्या चाळणीने चाळल्या.

पीएच: काळी ८.१, तांबडी ५.४. काळ्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले तर फेस आला, म्हणजे चुनखडी आहे. तांबडी ढिम्म.

आमचा सगळा प्रकल्प खरं तर या दोन आकड्यांवर उभा आहे. मुळाला मातीतलं सगळं कॅडमियम कधीच मिळत नाही, पाण्यात सुटलेलं तेवढंच मिळतं. काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांवर ऋण भार भरपूर, तिथे कॅडमियम चिकटतं. चुनखडीच्या पृष्ठभागावरही बसतं. पीएच खाली गेला की हायड्रोजनचे आयन त्याच जागांसाठी भांडायला येतात आणि कॅडमियम सुटून पाण्यात उतरतं. म्हणून 'मातीत एकूण किती' आणि 'मुळाला मिळण्याजोगं किती' हे दोन वेगळे आकडे. दुसऱ्यासाठी आपल्याकडे सर्रास डीटीपीए हे धातू बांधून काढणारं रसायन वापरतात, पण लिंडसे आणि नॉरव्हेल यांची ती १९७८ ची पद्धत चुनखडीच्या मातीसाठी बेतलेली आहे. आम्हाला दोन्ही माती एकाच मापाने मोजायच्या आहेत, म्हणून ०.०१ मोलर कॅल्शियम क्लोराइडने काढायचं ठरलं.

१५ नोव्हेंबर

हिशेबाचा दिवस. बाटलीतल्या कॅडमियम क्लोराइडमध्ये स्फटिकजल आहे, अडीच रेणू. रेणुभार २२८.३५, त्यातलं कॅडमियम ११२.४१. म्हणजे १ ग्रॅम कॅडमियमसाठी २.०३ ग्रॅम क्षार तोलायचा. २ किलोच्या कुंडीत २५ ची मात्रा म्हणजे ५० मिलिग्रॅम कॅडमियम, क्षार सुमारे १०२ मिलिग्रॅम. चिमूटभरसुद्धा नाही. मीठ म्हणून कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि भीती त्याचीच वाटते.

हातमोजे, मास्क, धूळ पुसायला ओला टिश्यू. कॅडमियम माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. धुवणाचं पाणी बेसिनमध्ये नाही, वेगळ्या कॅनमध्ये. लॅबच्या मामांनी कॅनवर लाल मार्करने 'विष' लिहिलं, खाली कवटी काढली आणि स्वतःच्या चित्रकलेवर खूश झाले.

द्रावण थोड्या मातीत मिसळून, ती माती बाकीच्या मातीत कालवून, ओलसर ठेवली. आता मुरू द्यायची. ताजं टाकलेलं कॅडमियम सैल असतं, लगेच पेरलं तर आकडे फुगतात. खऱ्या शेतात ते सांडपाण्यातून, मैल्याच्या खतातून किंवा खडकातून बनवलेल्या स्फुरद खतासोबत वर्षानुवर्षं थोडं थोडं येतं. आपण ते एका दुपारी घालतोय, हा फरक चर्चेच्या प्रकरणात लिहायलाच हवा.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान. कॉलेजात केंद्र आहे, लॅब बंद. मामांनी कालच कुंड्यांना पाणी दिलंय.

२९ नोव्हेंबर

पेरणी. वाण 'ऑल ग्रीन'. हा आपला देशी पालक बीटच्या कुळीतला, बीटा व्हल्गारिसचा एक प्रकार. विलायती पालक, म्हणजे स्पिनॅशिया, वेगळा. इंग्रजी शोधनिबंधांत जो असतो तो बहुतेक वेळा दुसरा. दोन्हींची कुळं एकच आणि दोन्ही पानांत कॅडमियम साठवण्यात पटाईत, तरी आकडे एकमेकांशेजारी ठेवताना जपायला हवं.

बीटसारखंच याचंही 'बी' म्हणजे फळांचा चिकटलेला गुच्छ. एकातून दोन-तीन रोपं येतात. विरळणी करावी लागणार. रात्रभर भिजवून पेरलं.

६ डिसेंबर

उगवण सगळीकडे सारखी. २५ ची कुंडीसुद्धा मागे नाही. पार्टनर हिरमुसली, तिला पहिल्याच आठवड्यात नाट्य हवं होतं. पण बियाचं कवच धातू बराच अडवतं आणि सुरुवातीचं अन्न आतलंच असतं. उगवणीचा टक्का बघून माती चांगली ठरवणं चुकीचं, हे इथेच दिसतं.

फरक पेट्रीडिशमध्ये दिसतोय. ओल्या फिल्टर पेपरवर याच बिया ठेवल्यात. कॅडमियमच्या डिशमध्ये मूळ फुटलं, पण टोक थबकलं. टोकातल्या पेशींचं विभाजन मंदावतं, मग टोकाच्या अगदी जवळून बाजूची मुळं फुटायला लागतात आणि मूळ आखूड, जाड, तपकिरी होतं. तपकिरी रंग पेशीभित्तिकेत लिग्निन भरल्याचा. वाढ थांबवून भिंत जाड करायची, ही झाडाची पहिली हालचाल.

१४ डिसेंबर

तांबडी-२५ मध्ये (तांबडी माती, २५ ची मात्रा) नवी पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या, मधला भाग पिवळट. मामांचं शेत आहे खेडला. ते वाकून बघून म्हणाले, "अगं, ह्याला लोह कमी पडलंय. फेरस मार, आठ दिवसांत काळाभोर होतोय बघ."

निदान बरोबर आहे. तांबड्या मातीचा तो रंगच लोहाचा, तरी झाड लोहासाठी उपाशी. कॅडमियम लोहाच्याच वाहकातून येतं आणि लोहाची जागा अडवतं. वाहकाचं नाव आयआरटी१. लोह कमी पडलं की झाड हाच वाहक आणखी बनवतं, म्हणजे भुकेपोटी तीच दारं जास्त उघडतं आणि त्यातून कॅडमियमही जास्त आत येतं. फवारणीने पान हिरवं झालंही असतं. मामांना मी नाही म्हटलं, कारण मला पिवळं पानच हवं होतं. त्यांना ते अजिबात पटलेलं नाही. पीक पिवळं पडू देणारी पोरगी त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली.

मोरचुदाच्या कुंड्या: रोपं बोटाएवढीही नाहीत. दुसरं खरं पान आलंच नाही.

२० डिसेंबर

हरितद्रव्य: ८० टक्के अॅसिटोन, ६४५ आणि ६६३ नॅनोमीटर, आर्नन यांची १९४९ ची समीकरणं. तांबडी-२५ मध्ये स्पष्ट घट, तांबडी-१० मध्ये थोडी. काळ्या मातीत तिन्ही मात्रा शून्याच्या कुंडीपासून वेगळ्या काढता येत नाहीत.

एमडीए म्हणजे पेशीपटलातली मेदाम्लं जळल्याची खूण. थायोबार्बिट्युरिक आम्लासोबत उकळून ५३२ वर वाचायचं, ६०० चं वाचन वजा करायचं. कल तोच.

इथे एक गोष्ट पाठ्यपुस्तकं भर्रकन उरकतात. 'जड धातूंमुळे ऑक्सिडेटिव्ह ताण येतो' एवढं वाक्य तांब्याला नीट लागू पडतं. तांबं इलेक्ट्रॉन घेतं-देतं, त्यामुळे हायड्रोजन पेरॉक्साइडपासून ते स्वतःच हायड्रॉक्सिल मुक्तकं, म्हणजे पेशी जाळणारे अतिक्रियाशील कण, बनवू शकतं. कॅडमियमला ते जमत नाही, त्याचा भार दोनच राहतो. ते नुकसान आडवाटेने करतं. गंधकाला चिकटणं हा त्याचा स्वभाव. ते पेशीतलं ग्लुटाथायोन गिळतं, आणि ग्लुटाथायोन हीच पेशीची जळण विझवणारी पुंजी. शिवाय प्रथिनांतलं लोह आणि तांबं ढकलून मोकळं करतं, आणि पुढची आग ते मोकळे धातू लावतात.

प्रोलिन हे अमिनो आम्लही मोजलं. निनहायड्रिन, मग टोल्युइन, वरचा लाल थर ५२० वर. तांबड्या मातीत वाढलंय. प्रोलिन वाढलं म्हणजे झाड 'झुंजतंय' असं जवळजवळ प्रत्येक प्रबंधात वाचलं. मुळं आखूड झाल्यावर पाणी कमी मिळतं आणि पाणी कमी पडलं तरी प्रोलिन वाढतं. कॅडमियमचं स्वतःचं असं त्यात काय, ते या चाचणीतून निघत नाही. तक्त्यात ठेवू, निष्कर्षात ओढणार नाही.

२१ डिसेंबर

डॅब रंजन छान आलं. पानं रात्रभर द्रावणात अंधारात, सकाळी अल्कोहोलमध्ये उकळून हिरवा रंग काढला. जिथे हायड्रोजन पेरॉक्साइड, तिथे तपकिरी. तांबडी-२५ च्या शिरांलगत गडद. काळी-१० चं पान जवळजवळ स्वच्छ. फोटो काढले, पोस्टरला हेच लागतील.

२७ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत वाचन. आज एक गोष्ट वाचून भलताच आनंद झाला. झाडांतले धातू बांधणारे मुख्य पेप्टाइड, फायटोकेलॅटिन, म्युनिकमध्ये ग्रिल, विनॅकर आणि झेंक यांनी १९८५ मध्ये ज्या पेशींतून वेगळे केले, त्या पेशी सर्पगंधेच्या होत्या. कोकणातल्या रानात जी सर्पगंधा मिळते, तीच.

रचना साधी. ग्लुटाथायोनचे तुकडे एकापुढे एक जोडायचे, दोनपासून अकरापर्यंत. प्रत्येक तुकड्यात सिस्टीन, सिस्टीनमध्ये गंधक, गंधकावर कॅडमियम. हा पेप्टाइड रायबोसोमवर बनत नाही. तो जोडणारं विकर पेशीत आधीपासून तयार असतं आणि धातू आला की चालू होतं. त्याचं जनुक १९९९ मध्ये तीन गटांनी जवळजवळ एकाच वेळी शोधलं. बांधलेलं कॅडमियम मग रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, ढकललं जातं. ते तिथे पडून राहतं, पेशीच्या कामकाजात लुडबुड करत नाही.

फायटोकेलॅटिन मोजायला जे यंत्र लागतं ते आमच्याकडे नाही. एलमनच्या अभिकर्मकाने प्रथिनांत नसलेले सगळे थायोल (गंधकाचा गट असलेली संयुगं) ४१२ वर मोजले, त्यात ग्लुटाथायोनही येतं. मुळांत जास्त, पानांत कमी, आणि मात्रेबरोबर वाढ. काळ्या मातीतही वाढ आहे. वर पान ठणठणीत दिसत असताना खाली मुळाने बांधाबांध सुरू केलेली आहे, हा या प्रकल्पातला मला सर्वांत आवडलेला आलेख.

रिक्तिका भरते किंवा अपुरी पडते तेव्हा उरलेलं कॅडमियम जलवाहिनीत चढतं. तिथेही जस्तासाठीचेच पंप, एचएमए२ आणि एचएमए४. भातात एचएमए३ हे कॅडमियम मुळाच्या रिक्तिकेत कोंडतं, आणि ज्या जातींत ते निकामी आहे त्यांच्या दाण्यात कॅडमियम बरंच चढतं. एका जनुकावर ताटातल्या भाताचं ठरतं.

३ जानेवारी २०२५

काळी-१० सगळ्यांत देखणी. पानं रुंद, गर्द, लुसलुशीत. पार्टनर म्हणाली, "मंडईत नेलीस तर ही जुडी पहिली उठेल." दुपारी शेजारच्या विभागातल्या एका बाईंनी खरंच विचारलं, "प्रयोग झाला की पालकाचं काय करता गं?" त्यानंतर मामांनी जाळीला कुलूप लावलं.

मॅडमचं तांब्याविषयीचं वाक्य आज समजलं. अमेरिकेच्या कृषी खात्यातले रुफस चेनी यांनी १९८० मध्ये माती-वनस्पती अडथळ्याची कल्पना मांडली. शिसं मातीत आणि मुळावर अडकून बसतं, पानात फारसं चढत नाही. तांबं, जस्त, निकेल चढतात, पण माणसाला बाधतील इतके साठण्याआधी झाडच मरगळतं. पीकच येत नाही, मग खाणार काय? आमच्या मोरचुदाच्या कुंड्या हेच दाखवत उभ्या आहेत. कॅडमियम या दोन्ही चाळण्यांतून निसटतं. झाडाला जितकं सहज झेपतं, तितकं माणसाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. तिथे ते दशकानुदशकं साठून राहतं.

म्हणजे सहनशीलता हा शब्द आपण कुणाच्या बाजूने वापरतो ते बघायला हवं. थायोल, रिक्तिका, जाड भिंती, ही सगळी व्यवस्था झाडाने स्वतःसाठी केलेली. पानाच्या रिक्तिकेत बंदिस्त केलेलं कॅडमियम पालकाच्या दृष्टीने मार्गी लागलं. भाजीत ते तसंच येतं, शिजवून नष्ट होत नाही.

८ जानेवारी

विभागात सेमिनार. अतिसंचयी, म्हणजे धातू प्रचंड प्रमाणात साठवणाऱ्या, वनस्पतींवर बोलले. न्यू कॅलिडोनियातलं निकेलने निळा-हिरवा चीक गाळणारं झाड दाखवल्यावर मागचा बाक जागा झाला. अॅराबिडॉप्सिस हॅलेरी या अशाच एका रोपात एचएमए४ जनुकाच्या तीन प्रती आहेत, त्यामुळे धातू मुळात न ठेवता भराभर वर चढवला जातो, हेही सांगितलं. लगेच नेहमीचा प्रश्न: मग प्रदूषित शेतात हीच लावून माती साफ का करत नाहीत? कारण बहुतेक अतिसंचयी झाडं चिमुकली आहेत. टक्का मोठा, पण वजन कमी, त्यामुळे एका कापणीत मातीतून निघणारं कॅडमियम थोडं. आणि कापलेला पाला शेवटी टाकायचा कुठे?

१३ जानेवारी

भोगी. घरी वांगी, गाजर, पावटा, हरभरा, इथे कापणी.

पानं नळाच्या आणि मग शुद्ध पाण्याने धुतली. मुळं धातू बांधून घेणाऱ्या ईडीटीएच्या द्रावणात बुडवून धुतली, म्हणजे नुसतं बाहेर चिकटलेलं कॅडमियम निघून जाईल. ओली वजनं, मग ७० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत. दळायला स्टीलचं मिक्सर नाही, खलबत्ता.

काळ्या मातीत ०, ५, १० यांच्या पानांच्या वजनात सांगण्यासारखा फरक नाही, २५ किंचित कमी. तांबड्या मातीत पायऱ्या स्पष्ट.

२० जानेवारी

पाचन, म्हणजे वाळलेला नमुना आम्लात विरघळवणं. नायट्रिक आणि पर्क्लोरिक, ९:४. आधी नुसतं नायट्रिक रात्रभर, मग पर्क्लोरिक. उलट केलं तर सेंद्रिय पदार्थावर पर्क्लोरिक तापून स्फोट होऊ शकतो, मॅडमनी समोर उभं राहून करून घेतलं. तपकिरी धूर संपून पांढरा आला, द्रावण पाण्यासारखं झालं. गाळून ठेवलं. कोरा नमुनाही तसाच पाचवलाय, आम्लातलंच कॅडमियम मोजून बसायला नको.

२९ जानेवारी

दुसऱ्या संस्थेत अणुशोषण यंत्रावर वाचन. कॅडमियमचा दिवा, २२८.८ नॅनोमीटर. नमुन्यामागे पैसे.

तांबडी-५ ची पानं काळी-१० च्या पुढे गेली. मातीत निम्मं, पानात जास्त. कॅल्शियम क्लोराइडने काढलेल्या आकड्यांशी हा क्रम जुळतो, एकूण कॅडमियमशी जुळत नाही. सांडपाण्यावरच्या शेतांचे अहवाल फक्त एकूण आकडा देऊन थांबतात तेव्हा त्यावरून भाजीबद्दल बोलता येत नाही, हे आता आमच्या कुंड्यांवरूनच म्हणता येईल.

पण मी यंत्रापाशी ज्या वाचनाची वाट बघत होते ते काळी-१० चं. पालकात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी, त्यामुळे सुक्या वजनाचा आकडा ओल्या वजनावर आणल्यावर बराच खाली येतो. तरीही पालेभाज्यांसाठी कोडेक्सने, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकं ठरवणाऱ्या आयोगाने, घातलेल्या किलोमागे ०.२ मिलिग्रॅमच्या मर्यादेच्या तो कितीतरी वर राहिला. हरितद्रव्य सारखं, एमडीए सारखं, वजन सारखं, डॅबचं पान स्वच्छ. झाडाकडे बघून काही म्हणजे काही कळलं नसतं. जिच्या पिवळेपणावर मामा हळहळले, ती तांबडी-२५ निदान बोलत तरी होती.

जस्ताच्या कुंड्यांत पानातलं कॅडमियम नुसत्या तांबडी-१० पेक्षा कमी आलंय. दिशा अपेक्षेप्रमाणे, पण तिन्ही कुंड्यांत फैलाव मोठा आहे. आलेख तपकिरी रंगात, ताऱ्याशिवाय; तारा फक्त संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकलेल्या फरकाला.

४ फेब्रुवारी

जपानच्या जिंझू नदीकाठचा इतिहास प्रस्तावनेत घातला. वर कामिओका खाण, खाली तोयामातली भातशेती, आणि कमकुवत मूत्रपिंडांमुळे हाडं ठिसूळ झालेल्या बायका. रुग्ण 'दुखतंय, दुखतंय' म्हणून कण्हत, त्यावरूनच इताई-इताई हे नाव पडलं. सरकारने १९६८ मध्ये कॅडमियमचं कारण मान्य केलं. मॅडम म्हणाल्या, दोन परिच्छेद फार झाले, एक करा. केला.

१० फेब्रुवारी

वापरलेली माती आणि उरलेली मुळं दुहेरी पिशव्यांत, लेबल लावून घातक कचऱ्याच्या खोलीत. मामांनी विचारलं, "ह्याचं खत नाही व्हायचं?" नाही व्हायचं.

पुढचं काम: तांबड्या मातीत चुना. पीएच साडेसहाच्या आसपास आणायचा, तीन आठवडे मुरवायचं, मग पेरणी. कोकणात चुना टाकायचा सल्ला आधीपासून दिला जातोच, तो आम्लता कमी करायला. पानातलं कॅडमियम त्याने किती उतरतं ते बघायचं. पण पीएच चढला की लोहही मातीत बांधलं जातं आणि झाड पुन्हा आयआरटी१ उघडेल, म्हणून या खेपेला प्रत्येक पानात कॅडमियमसोबत लोह आणि जस्तही वाचायचं. चुना मामा आणतायत, चुनाभट्टीवरचा नको, शेतीचा सांगितलाय. उन्हाळा तोंडावर आहे, कुंड्यांवर हिरवी जाळी लागेल.